कालपर्यंत सुरक्षित असलेला संगणक

विंडोज १० ची नियमित साथ, म्हणजे निर्मात्याकडून मिळणाऱ्या दुरुस्त्या, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. त्याआधी कितीतरी दिवस बाबांच्या संगणकावर पडदाभर पसरणारी एक सूचना येत होती. बाबा ती दर वेळी शेवटपर्यंत वाचत, खालचे बटण दाबून ती दूर करत आणि पुन्हा आपल्या हिशेबाच्या तक्त्याकडे वळत. पंधरा तारखेच्या सकाळी त्यांनी मला जवळ बोलावले आणि विचारले, "हा संगणक कालपर्यंत सुरक्षित होता ना? मग एका रात्रीत तो असुरक्षित कसा झाला? त्यात बदलले तरी काय?"

संगणक-सुरक्षेच्या बातम्या मी गेली अनेक वर्षे नेमाने वाचत आले आहे. कोणत्या प्रोग्राममध्ये त्रुटी सापडली, ती किती गंभीर ठरली, तिला कोणता सीव्हीई क्रमांक (जाहीर त्रुटींच्या यादीतला क्रमांक) मिळाला, हे मला सांगता आले असते. बाबांच्या या साध्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. त्या संगणकातली एकही फाइल रात्रीत बदललेली नव्हती. बदल झाला होता तो बाहेर. त्या दिवसानंतर या प्रणालीत जे दोष सापडतील ते बुजवून देण्याची निर्मात्याची नेहमीची बांधिलकी संपली होती, आणि दोष सापडायचे मात्र थांबणार नव्हते. मी एवढे सांगितल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे घर तेच आहे, गवंडी सोडून गेला." उपमा मला पटली आणि तरीही अपुरी वाटली, कारण गवंडी गेला म्हणून घर लगेच गळू लागत नाही. या संगणकाचे दुखणे त्याहून अवघड होते, आणि ते नीट समजून घेताना माझ्या वाचनाची दिशाच बदलली.

प्रत्येक दुरुस्ती ही त्रुटीची जाहीर कबुलीही असते. मायक्रोसॉफ्ट ऑक्टोबर २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेच्या दुरुस्त्या प्रसिद्ध करत आली आहे. त्या दिवशी जगभरातले अभ्यासक, आणि त्यांच्याबरोबर हल्लेखोरही, जुनी फाइल व नवी फाइल शेजारी शेजारी ठेवून काय बदलले ते शोधतात. जिथे बदल झाला, तिथेच छिद्र होते. विंडोज १० आणि ११ यांच्यात फार मोठा कोड सामाईक आहे. त्यामुळे ११ साठी निघालेली एखादी दुरुस्ती ही १० मध्ये तसेच राहून गेलेल्या छिद्राचा नकाशा ठरू शकते. साथ संपलेला संगणक नुसता जुना होत नाही, दर महिन्याला त्याच्याबद्दलची माहिती परक्यांच्या हाती थोडी थोडी पडत जाते. बाबांना मी हे दुसऱ्या दिवशी सांगितले तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत.

वॉनाक्राय या खंडणीखोर किड्याची, म्हणजे यंत्रातून यंत्रात आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रामची, हकीकत या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने, म्हणजे एनएसएने, विंडोजमधील फाइल-वाटपाच्या जुन्या प्रोटोकॉलमधील एका त्रुटीवर 'इटर्नलब्लू' नावाचे हत्यार तयार करून स्वतःजवळ ठेवले होते. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने त्या त्रुटीची दुरुस्ती प्रसिद्ध केली. एप्रिलच्या मध्याला 'शॅडो ब्रोकर्स' या टोळीने ते हत्यार सर्वांसाठी उघड केले. १२ मे रोजी वॉनाक्रायने त्याच वाटेने शिरून दीडशेच्या आसपास देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांवरच्या फाइल कुलूपबंद केल्या आणि त्या सोडवण्यासाठी खंडणी मागितली. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील अनेक रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. मार्कस हचिन्स या तरुण अभ्यासकाने त्या किड्याच्या कोडमध्ये दिसलेले एक डोमेन नोंदवले आणि त्यामुळे त्याचा प्रसार आटोक्यात आला, ही गोष्ट बहुतेकांना आठवते. मला मात्र दुसराच आकडा आठवत राहतो. दुरुस्ती आणि हल्ला यांच्यामध्ये ५९ दिवस होते. औषध तयार होते, विनामूल्य होते, आणि ५९ दिवसांत ते लाखो यंत्रांपर्यंत पोहोचले नव्हते.

त्याआधी कॉन्फिकर या किड्याच्या वेळीही असेच घडले होते. दुरुस्ती आली २३ ऑक्टोबर २००८ रोजी आणि किडा फिरू लागला नोव्हेंबरात.

म्हणून सुरक्षेची बातमी वाचताना त्रुटी किती भयंकर आहे याच्याआधी मी आता एवढेच पाहते, की दुरुस्ती निघाल्यापासून ती माझ्या यंत्रावर बसेपर्यंत किती वेळ जातो आणि तो वेळ कोणाच्या हातात आहे. बाबांच्या संगणकापुरते पाहिले तर हा काळ लवकरच अनंत होणार होता. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव दुरुस्त्यांची सोय ठेवली होती, ती आम्ही घेतलीही. पण विंडोज ११ ला लागणारा टीपीएम २.० हा सुरक्षेचा घटक आणि तुलनेने नवा प्रोसेसर या यंत्रात नव्हता, आणि वर्षभराने तोच प्रश्न पुन्हा उभा राहणार होता. यंत्र स्वतः धडधाकट होते. त्याचा कळफलक बाबांच्या बोटांना सवयीचा होता. अशा यंत्राला केवळ साथ संपली म्हणून भंगारात काढावे, हे मला मान्य नव्हते आणि आजही नाही. दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम शोधायची असे आम्ही ठरवले.

पर्यायी प्रणालींचे जग बातम्यांतून दिसते त्याहून खूप वैविध्याचे आहे. बीओएस या जुन्या प्रणालीच्या परंपरेतून २००१ मध्ये सुरू झालेली हायकू मी जुन्या यंत्रावर पहिल्यांदा चालवली तेव्हा तिच्या चपळाईने मन मोहून गेले, खिडक्या कशा क्षणात उघडाव्यात हे तिने दाखवले. पण तिच्यात सगळे प्रोग्राम एकाच सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने चालतात, त्यामुळे बँकेचे काम जिच्यावर करायचे अशा यंत्रासाठी मी तिचा विचार केला नाही. क्यूब्स ही अगदी दुसऱ्या टोकाची. जोआना रुटकोव्स्का यांनी सुरू केलेल्या या प्रणालीची पहिली आवृत्ती २०१२ मध्ये आली. आपला कोणता ना कोणता प्रोग्राम कधीतरी फुटणारच असे ती गृहीत धरते आणि म्हणून बँक, पत्रव्यवहार, अनोळखी फाइल या सगळ्यांना वेगवेगळ्या आभासी यंत्रांत कोंडून ठेवते. खिडकीच्या कडेचा रंग पाहून आपण कोणत्या कप्प्यात आहोत हे कळते. कल्पना मला अतिशय आवडते. तिला लागणारी मेमरी आणि वापरणाऱ्याची सततची सावधगिरी या दोन्ही गोष्टी बाबांच्या टेबलावर नव्हत्या.

ओपनबीएसडीबद्दल माझ्या मनात वेगळाच आदर आहे. थिओ दी राट यांनी १९९५ मध्ये ही प्रणाली नेटबीएसडी या दुसऱ्या प्रणालीपासून वेगळी काढली, आणि तेव्हापासून तिच्या मंडळींनी ओळीन् ओळ तपासण्याचे कष्टाचे काम चालू ठेवले आहे. एखादा प्रोग्राम सुरू झाल्यावर 'यापुढे मी फक्त एवढ्याच गोष्टी करीन' असे तो कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, वचन देतो, आणि वचन मोडले की कर्नल त्याला तिथेच थांबवतो. 'प्लेज' नावाची ही युक्ती त्यांनी साध्या रीतीने आणि शेकडो प्रोग्राममध्ये प्रत्यक्ष वापरून दाखवली. पण घरातला प्रिंटर, कॅमेऱ्यातली छायाचित्रे आणि व्हिडिओ संभाषण यांची सगळी जुळवाजुळव तिच्यावर मला स्वतःला करावी लागली असती, आणि नंतर प्रत्येक अडचणीला बाबा माझी वाट पाहत बसले असते. गुगलची क्रोमओएस फ्लेक्स जुन्या यंत्रांवर चालते आणि गुपचूप स्वतःला ताजे ठेवते. ज्याचे सगळे काम ब्राउझरमध्येच चालते त्याच्यासाठी ती वाईट निवड नाही. बाबांची कागदपत्रे मात्र त्यांच्या डिस्कवरच राहावीत अशी त्यांची इच्छा होती.

उरले लिनक्स. लिनस टोरवाल्ड्स यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये ज्याची घोषणा केली तो कर्नल, रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या जीएनयू प्रकल्पाची साधने, आणि या सगळ्याची मोट बांधून देणारी डेबियन, फेडोरा, उबुंटू, मिंट, आर्च अशी अनेक वितरणे. लिनक्सला व्हायरस लागत नाहीत, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की त्याचा मला आता मनस्ताप होतो, कारण त्यावर विश्वास ठेवणारा माणूस अपडेट लावायचे सोडून देतो. २०१४ मध्ये उघड झालेली हार्टब्लीड ही त्रुटी इंटरनेटवरची देवाणघेवाण सांकेतिक करणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्त कोडमध्येच होती आणि दोन वर्षे कोणाच्या लक्षात आली नव्हती. लिनक्सवर वाढीव अधिकाराने काम करू देणाऱ्या 'सुडो'मध्ये जानेवारी २०२१ मध्ये सापडलेली त्रुटी २०११ पासून होती, आणि तशाच कामाच्या पीकेएक्झेकमधील पुढच्याच वर्षी उघड झालेली त्रुटी तर २००९ पासून. कोड सर्वांना दिसतो याचा अर्थ तो कोणीतरी वाचला आहे असा होत नाही.

आणि मग एक्सझेडचे प्रकरण घडले. सुरक्षेच्या बातम्यांपैकी कोणत्याही बातमीने मला इतके दिवस अस्वस्थ ठेवले नव्हते. एक्सझेड ही फाइल दाबून लहान करणारी एक साधी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्राम वापरतात तो तयार कोड, आणि तिची देखभाल मोकळ्या वेळात करणारा मुख्यतः एकच माणूस. 'जिया टॅन' या नावाने कोणीतरी तिथे येऊन दोन वर्षांहून अधिक काळ चांगली, उपयोगी मदत केली. त्याच सुमारास इतर काही अनोळखी नावांनी काम मंदावल्याची तक्रार करत मूळ देखभालकर्त्यावर दुसऱ्याला अधिकार देण्यासाठी दडपण आणले. विश्वास मिळाला, अधिकार मिळाले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ५.६.० या आवृत्तीत चाचणीच्या फाइलींआड लपवलेला चोरदरवाजा जगात गेला. २९ मार्च रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने तो उघडकीस आणला. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करताना त्यांच्या डेबियन यंत्रावर एसएसएचने, म्हणजे दुरून यंत्रात शिरण्याच्या सुरक्षित पद्धतीने, प्रवेश करायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत होता. तो अर्धा सेकंद त्यांनी सोडून दिला नाही, त्याच्या मुळाशी जात राहिले, आणि असंख्य सर्व्हरांच्या दारांची किल्ली परक्या हातात जाण्यापासून वाचली.

या बातमीतला माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग तेव्हाच्या मथळ्यांत नव्हता. कोणाकोणाकडे तो चोरदरवाजा पोहोचला होता? डेबियनच्या चाचणी शाखेत, फेडोराच्या येऊ घातलेल्या आवृत्तीत, आणि नवे निघाले की लगेच उचलणाऱ्या काही वितरणांत. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत तेव्हा एक्सझेडची ५.४ ही जुनी आवृत्ती होती. ती वापरणाऱ्यांच्या दारापर्यंत हे संकट आलेच नाही. दुरुस्ती उशिरा पोहोचली म्हणून वॉनाक्रायने लाखो यंत्रे पकडली, आणि इथे मात्र ज्यांनी घाई केली तेच धोक्यात आले. माझा ५९ दिवसांचा हिशेब या प्रसंगाने मोडीत काढला.

त्याच वर्षी १९ जुलै रोजी तो दुसऱ्यांदा मोडला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेली एक सदोष फाइल फक्त ७८ मिनिटे वितरणात होती, आणि तेवढ्या वेळात विंडोजचे सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले. विमाने जमिनीवर राहिली, रुग्णालयांची आणि बँकांची कामे थांबली. ती फाइल संरक्षणासाठीच पाठवली होती. इतक्या खोलवर, कर्नलच्या आत काम करणाऱ्या प्रोग्रामला इतक्या वेगाने, सगळीकडे एकाच वेळी नवे काही पाठवणे हे मला तेव्हाही चुकीचे वाटले.

या दोन घटनांचा मेळ मला डेबियनच्या कामाच्या पद्धतीत सापडला, आणि बाबांसाठी प्रणाली निवडताना तोच निकष मी धरला. नवेपणा आणि दुरुस्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; त्या एकाच गाडीत बसवून पाठवल्या तर माणसाला दोन्ही घ्याव्या लागतात किंवा दोन्ही नाकाराव्या लागतात. अपडेट आला की बटणांच्या जागा बदलतात, सवयीची मेनू नाहीशी होते, म्हणून लोक अपडेट टाळतात, आणि त्याबरोबर दुरुस्तीही टाळली जाते. बाबाही वर्षानुवर्षे तेच करत आले होते. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत प्रोग्रामची जुनी आवृत्ती तशीच ठेवतात आणि नव्या आवृत्तीतला फक्त सुरक्षेपुरता बदल काढून जुन्या कोडवर बसवतात. या कामाला बॅकपोर्ट म्हणतात. ते किचकट आणि कष्टाचे असते, त्याची बातमी कधीच होत नाही, आणि ते करणाऱ्या माणसांची नावे फारशी कोणाला ठाऊक नसतात. यंत्र दिसायला कालच्यासारखेच राहते, आत मात्र ठिगळ लागलेले असते.

ही पद्धत ठाऊक नसली तर बातम्या वाचणारा माणूस उगाच घाबरतो. १ जुलै २०२४ रोजी ओपनएसएसएच या एसएसएचच्या प्रोग्राममध्ये एक गंभीर त्रुटी जाहीर झाली. २००६ मध्ये बुजवलेले छिद्र २०२० मध्ये एका बदलाबरोबर नकळत पुन्हा उघडले होते, म्हणून तिला 'रेग्रेशन' (बुजवलेला दोष परत येणे) या शब्दात एसएसएच घालून 'regreSSHion' असे नाव पडले. आवृत्ती ९.८ वर या, असे बातम्या सांगत होत्या. डेबियन १२ मध्ये ९.२ होती आणि ९.२ च राहिली. तिच्या क्रमांकाच्या शेपटाला मात्र एक बारीकशी भर पडली, आणि त्या भरीत दुरुस्ती होती. शिवाय घरगुती संगणकावर बाहेरून आत येऊ देणारा एसएसएच सर्व्हर बहुतेक वेळा चालू नसतोच. बातमी खरी होती, गंभीर होती, आणि बाबांच्या टेबलावरच्या यंत्राबद्दल नव्हती. एखादी त्रुटी वापरायला हल्लेखोराला आधीच यंत्रात असावे लागते की दुरून, काहीही न करता, आत येता येते, हा फरक मथळ्यात सहसा नसतो. तो शोधायची सवय मी लावून घेतली आणि माझी निम्मी घबराट कमी झाली.

शेवटी मी लिनक्स मिंटची २२ वी आवृत्ती निवडली. ती उबुंटूच्या दीर्घ साथीच्या आवृत्तीवर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. सिनॅमन हा तिचा डेस्कटॉप बाबांना लगेच ओळखीचा वाटला, खाली पट्टी, डावीकडे मेनू. तिच्यात उणीव नाही असे मी म्हणणार नाही. उबुंटूच्या मुख्य विभागातल्या पॅकेजना कॅनॉनिकल कंपनी स्वतः दुरुस्त्या पुरवते, 'युनिव्हर्स' या मोठ्या विभागाची निगा मात्र प्रामुख्याने स्वयंसेवकांवर असते. म्हणून त्या विभागातले प्रोग्राम मी मोजकेच बसवले. ब्राउझरच्या बाबतीत तर जुनी आवृत्ती धरून ठेवण्याचा माझा नियम लागूच होत नाही. परक्या कोडशी दररोज गाठ पडते ती तिथेच, आणि तिथे मिंटही फायरफॉक्सची नवी आवृत्ती निघाली की लवकरच देते.

मिंट निवडताना तिचा इतिहासही मी बाबांपासून लपवला नाही. २० फेब्रुवारी २०१६ रोजी मिंटच्या संकेतस्थळात शिरलेल्या हल्लेखोरांनी १७.३ या आवृत्तीच्या डाउनलोडचा दुवा बदलून चोरदरवाजा घातलेल्या प्रतीकडे वळवला होता. सुरक्षित प्रणाली घ्यायला गेलेल्या माणसाच्या हातात विषारी प्रत पडली. मंडळींनी ही गोष्ट तातडीने आणि स्पष्टपणे जाहीर केली, त्यामुळे माझा विश्वास कमी झाला नाही. पण तेव्हापासून कोणतीही प्रत उतरवली की तिचा चेकसम (फाइलवरून काढलेला, ती बदलली की बदलणारा आकडा) आणि निर्मात्यांची डिजिटल स्वाक्षरी तपासल्याशिवाय मी ती पेनड्राइव्हवर घेत नाही. चेकसम त्याच संकेतस्थळावर असेल तर हल्लेखोर तोही बदलू शकतो, म्हणून स्वाक्षरीला महत्त्व. बाबांनी ती तपासणी माझ्या शेजारी बसून पाहिली, आणि पडद्यावरचे आकडे व अक्षरे बोट ठेवून स्वतः जुळवून पाहिली.

आठवडाभर आम्ही ती पेनड्राइव्हवरूनच चालवली, डिस्कला हात न लावता. प्रिंटर चालला. स्कॅनर पहिल्या दिवशी चालला नाही, तिसऱ्या दिवशी चालला. हिशेबाचा एक जुना प्रोग्राम फक्त विंडोजवरच चालणारा होता आणि त्याच्या निर्मात्यांकडून पर्यायाची काहीच सोय नव्हती. म्हणून विंडोज अजून जिवंत असतानाच त्यातला सगळा तपशील साध्या तक्त्यांच्या रूपात बाहेर काढला आणि लिबरऑफिसमध्ये उघडून, बेरजा जुळवून पाहिल्या. प्रणाली बदलू पाहणाऱ्याला मी हे काम सर्वांत आधी करायला सांगेन. नव्या प्रणालीत काय चालेल याची चिंता सगळे करतात, जुनीतून काय बाहेर काढता येणार नाही याची मात्र फार उशिरा आठवण होते.

डिस्कवर कायमची स्थापना करताना पूर्ण डिस्क सांकेतिक करण्याचा पर्याय निवडला आणि तिचा परवलीचा शब्द कागदावर लिहून कपाटात ठेवला. त्यानंतर बाबांशी मला एक अवघड बोलणे करावे लागले, कारण नव्या प्रणालीने त्यांच्या मनात एक निर्धास्तपणा आणला होता. लिनक्समध्ये प्रणालीच्या फाइलींना हात लावायला पासवर्ड लागतो, हे खरे आहे. बाबांची छायाचित्रे, पत्रे आणि हिशेब यांना मात्र बाबांच्या नावाने चालणारा कोणताही प्रोग्राम विनापासवर्ड हात लावू शकतो. प्रणाली पुन्हा बसवायला अर्धा तास पुरतो. छायाचित्रे पुन्हा काढता येत नाहीत. म्हणजे ज्याचे मोल सर्वांत जास्त, त्याभोवतीची भिंत सर्वांत कमी उंच. त्यातच मिंटचा हा डेस्कटॉप अजूनही सहसा पडद्यावर खिडक्या दाखवण्याच्या एक्स११ या जुन्या पद्धतीवर चालतो, आणि तिच्यात एक प्रोग्राम दुसऱ्यात टाइप होणारी अक्षरे वाचू शकतो. वेलँड या नव्या पद्धतीत ते शक्य नसते, पण तिकडचे संक्रमण पूर्ण झालेले नाही. आणि बँकेच्या नावाने आलेल्या खोट्या पानावर पासवर्ड स्वतःच्या हाताने भरला, तर जगातली कोणतीही ऑपरेटिंग सिस्टीम तो परत आणून देऊ शकत नाही.

"मग एवढे सगळे करून मिळाले काय?" बाबांनी विचारले. त्यांच्या आवाजात निराशा होती आणि ती रास्त होती.

मी त्यांना दुरुस्त्यांची वाट दाखवली. खालच्या पट्टीत ढालीचे एक लहानसे चिन्ह असते. दुरुस्ती आली की त्यावर ठिपका दिसतो. ते उघडले की ब्राउझर, कागदपत्रांचा प्रोग्राम, कर्नल, स्कॅनर या सगळ्यांच्या दुरुस्त्या एकाच यादीत दिसतात, प्रत्येकाशेजारी काय बदलले ते लिहिलेले असते, आणि प्रत्येक पॅकेज ज्या भांडारातून येते त्याची स्वाक्षरी आपोआप तपासली जाते. काही बिघडलेच तर टाइमशिफ्ट या प्रणालीच्या जुन्या प्रती ठेवणाऱ्या साधनाने आदल्या दिवसाच्या स्थितीला परत जाता येते. पूर्वी प्रत्येक प्रोग्राम आपापल्या वेळी, आपापल्या खिडकीतून अपडेट मागत असे आणि त्यातली कोणती खिडकी खरी व कोणती खोटी हे बाबांना ओळखता येत नसे. आता खरी दुरुस्ती एकाच ठिकाणी येते. इतरत्र कुठेही 'अपडेट करा' असे दिसले की ते खोटे समजावे, एवढे त्यांनी लक्षात ठेवायचे. पूर्वीच्या कोणत्याही संगणकावर मी त्यांना इतका सोपा नियम देऊ शकले नव्हते.

तरी यंत्रावर दुरुस्ती बसते ती माणसाच्या हातानेच. फेब्रुवारी २०२१ मध्ये मिंटच्या मंडळींनी आपल्या वापरकर्त्यांना कळकळीने लिहिले होते, की तुमच्यापैकी अनेकजण अपडेट लावत नाहीत, काहीजण तर एप्रिल २०१९ मध्ये साथ संपलेल्या १७ व्या आवृत्तीवरच आहेत. मी ते बाबांना वाचून दाखवले. स्वतःहून दुसरी प्रणाली शोधणाऱ्या, चोखंदळ माणसांची ही कथा होती. कंटाळा आणि 'चालते आहे ना' ही वृत्ती त्यांनी नव्या प्रणालीतही सोबत नेली होती, आणि खरे सांगायचे तर माझ्या स्वतःच्या यंत्रावरही तेव्हा दोन आठवड्यांच्या दुरुस्त्या साचलेल्या होत्या.

बाबांनी त्यावर काही भाष्य केले नाही. त्यांनी एक वही काढली. आता दर रविवारी सकाळी ते ढालीचे चिन्ह उघडतात, यादी वाचतात, दुरुस्त्या लावतात, बाहेरची डिस्क जोडून छायाचित्रांची आणि हिशेबाची प्रत घेतात, डिस्क काढून कपाटात ठेवतात आणि वहीत तारीख लिहितात. एखाद्या ओळीचा अर्थ लागला नाही तर मला दूरध्वनी करतात. परवा त्यांनी विचारले, "या यादीत 'लिबएक्सएमएल' असे काहीतरी आहे. मी ते कधी वापरले नाही, मग त्याची दुरुस्ती माझ्याकडे का?" ती एक लायब्ररी आहे आणि आपल्याला न दिसणारे किती प्रोग्राम तिच्यावर उभे असतात, हे मी सांगितले. त्यांनी ते लिहून घेतले.

मागच्या महिन्यात मी ती वही चाळली. पहिल्या पानावर १४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख आहे आणि तिच्यापुढे 'जुनी साथ संपली' असे लिहिले आहे. मग रविवारांची रांग. अगदी शेवटचे पान उघडले तर तिथे आधीच एक ओळ लिहून ठेवलेली होती: '२०२९. मिंट २२ ची साथ संपणार. त्याआधी सहा महिने नवी आवृत्ती पेनड्राइव्हवरून चालवून पाहणे. स्वाक्षरी तपासणे. स्कॅनर आधी पाहणे.'